आवाजाची तक्रार

"रेडिओकाकांना बोलावू का?" असं बायकोने विचारलं, तेव्हा हेडक्लार्कांनी नुसतं "हो" म्हटलं असतं तर सगळा प्रकार तिथेच मिटला असता. एका अक्षराचं काम होतं. तोंड उघडायचं आणि मिटायचं. पण ऐन वेळी माणसाची जीभ माणसाचं ऐकेल तर ना! हेडक्लार्क चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "काकांना कशाला? मी बघतो."

बायकोने तिथेच देवाचं नाव घेतलं असणार. कारण या 'मी बघतो'ला त्या घरात अठरा वर्षांचा इतिहास होता.

हेडक्लार्कांनी बघितल्यापासून स्वयंपाकघरातला नळ बंद करण्याच्या बाजूला उघडतो. बाथरूमचा दिवा लावला की बाहेरच्या खोलीतला पंखा फिरतो. दाराची बेल एकदा दाबली की एकदा वाजते, आणि मग मिनिटभराने, कुणी न दाबता, पुन्हा एकदा वाजते. पहिल्या वेळी बायको दार उघडून पाहुण्याला आत घेते. दुसऱ्या वेळी पाहुण्याला बसवून पुन्हा दारापर्यंत जाऊन येते, न जाणो खरंच कुणी आलं असलं तर! कपाटाचं दार उघडायला ते आधी वर उचलावं लागतं, मग गुडघ्याने आत रेटावं लागतं आणि मग बेसावध असल्यासारखं एकदम ओढावं लागतं. नवीन माणूस राहायला आला की बायको त्याला घर दाखवत नाही, घर शिकवते.

बरं, यातलं काय कसं केलं हे हेडक्लार्कांना विचारावं, तर त्यांनाही सांगता यायचं नाही. वास्तविक त्यांच्याकडे लेखी नोंद होती. कचेरीत उभा जन्म आवक-जावक विभागात गेलेला, तेव्हा घरातल्या दुरुस्त्यांसाठीही त्यांनी जाड पुठ्ठ्याची एक नोंदवही घातली होती. अनुक्रमांक, दिनांक, तक्रारदार, तक्रारीचा विषय, कार्यवाही, शेरा. लाल रेघा स्वतः पट्टीने मारलेल्या. एकूण दोनशे बारा तक्रारी. प्रत्येकीपुढे 'कार्यवाही' या रकान्यात सुवाच्य अक्षरात एकच मजकूर: "योग्य ती कार्यवाही केली." आणि शेऱ्यात: "निकाली." योग्य ती म्हणजे कोणती, हे त्या वहीला कधी कळलं नाही. (नळालाही नाही.)

तर त्या रविवारची तक्रार अशी होती की घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमधून आवाज येत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, न येईना! पण त्या कॉम्प्युटरमध्ये हेडक्लार्कांच्या सासूबाई होत्या. म्हणजे त्यांचा आवाज. पाच वर्षांपूर्वी सासूबाई महिनाभर राहायला आल्या होत्या, तेव्हा बायकोने त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवून त्यांच्या सगळ्या विणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतल्या होत्या. किती टाके घालायचे, कुठे दोन एकत्र घ्यायचे, कुठे जाळी सोडायची. एकोणीस विणी, एकोणीस फायली. सासूबाईंना लिहून ठेवायची सवय नव्हती. जे होतं ते बोटांत आणि जिभेवर. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यानंतर बायकोने त्यातली एकही फाईल उघडली नव्हती. "ऐकवणार नाही मला," एवढंच म्हणायची.

पण आता लेकीला आठवा महिना लागला होता. लेक जन्मली तेव्हा सासूबाईंनी तिच्यासाठी एक टोपडं विणलं होतं. शेंड्याला सहा पानं एकत्र येऊन मिटायची, कळीसारखी. तसंच टोपडं लेकीच्या बाळाला घालायचं, हे बायकोने मनाशी पक्कं धरलं होतं. लोकर आणली, सुया काढल्या, मन घट्ट करून कॉम्प्युटरपुढे बसली, फाईल उघडली. पडद्यावरची रेघ पुढे सरकत होती. आई बोलत होती. ऐकू मात्र काही येत नव्हतं.

"नीट होईल ना?" बायकोने विचारलं. "आईचं सगळं आहे हो त्यात."

"अगं, तक्रार आवाजाची आहे. फायलींचा काय संबंध?" हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या. वहीत नोंदही केली. अनुक्रमांक दोनशे तेरा.

पहिली दहा मिनिटं त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग पुन्हा बंद करून चालू केला, जरा जास्त वेळ थांबून. मग हाताशी मोबाइल घेऊन ते इंटरनेटवर शोधायला लागले. तिथे अकरा वर्षांपूर्वी कुणा गृहस्थाने हुबेहूब हीच अडचण मांडलेली सापडली. हाच कॉम्प्युटर, हीच सरकणारी रेघ, हाच शुकशुकाट. हेडक्लार्कांना सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं. खाली चौघांनी "मलाही हाच त्रास आहे" असं लिहिलं होतं. एकाने "बंद करून चालू करून बघा" असा सल्ला दिला होता. आणि सगळ्यात शेवटी त्या गृहस्थाने स्वतःच लिहिलं होतं: "सुटला एकदाचा प्रश्न. सर्वांचे आभार."

"अरे पण कसा सुटला?" हेडक्लार्क मोबाइलवर ओरडले. "काय केलंस ते लिही की मेल्या! असली माणसं असतात बघ. आपलं काम झालं की बास. मागून येणाऱ्याने काय करायचं?"

बायकोने लोकरीच्या गुंड्यावरून नजर वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या नोंदवहीकडे पाहिलं.

मग हेडक्लार्कांना दुसरीकडे एक चौदा पायऱ्यांची यादी सापडली. लिहिणारा जाणकार वाटत होता, प्रत्येक पायरीला आकडा होता. आकडे घातलेल्या मजकुरावर हेडक्लार्कांचा डोळे मिटून विश्वास! पहिल्या आठ पायऱ्या त्यांनी सुरेख पार पाडल्या. आवाज आला नाही ही गोष्ट वेगळी. नववी पायरी अशी होती: "आता खालील चित्रात दाखवल्याप्रमाणे करावे." आणि खाली चित्र नव्हतं. रिकामी चौकट होती, तिच्या कोपऱ्यात बारीक फुली. अकरा-बारा वर्षांत ते चित्र कुठे गेलं देव जाणे.

शहाणा माणूस तिथे थांबला असता. हेडक्लार्कांनी आठव्या आणि दहाव्या पायरीचा विचार करून मधली पायरी काय असेल याचा अंदाज बांधला, आणि पडद्यावर जे बटण त्यातल्या त्यात भारदस्त दिसलं ते दाबलं.

चौकट आली. चार ओळी मजकूर, खाली 'ठीक' आणि 'रद्द'.

इथे कचेरीची एक रीत सांगायला हवी. हेडक्लार्कांच्या टेबलावर दिवसाला दीडशे कागद येतात. सही करण्याआधी कागद वाचणं म्हणजे तो आणणाऱ्या माणसावर अविश्वास दाखवणं, असं तिथे मानतात. त्यामुळे नजर थेट तळाशी न्यायची, सहीची जागा बघायची आणि पेन टेकवायचं. अठ्ठावीस वर्षं हाताला हीच सवय. हेडक्लार्कांनी चौकटीचा तळ पाहिला आणि 'ठीक' दाबलं. दुसरी चौकट आली. तिच्यात अक्षरं लाल होती. 'ठीक.' तिसरी आली. 'ठीक.' (कॉम्प्युटर बिचारा पुन्हा पुन्हा विचारत होता, पण शिपाईसुद्धा तोच कागद तीनदा आणतोच की!) चौथी चौकट आली तेवढ्यात मोबाइल वाजला. लेकीचा फोन.

"बाबा, आई म्हणाली तुम्ही कॉम्प्युटर बघताय?"

"हो, होतंच आलंय," म्हणत हेडक्लार्कांनी चौथं 'ठीक' दाबलं.

"ते ठीक आहे, पण आधी आजीच्या फायली दुसरीकडे काढून ठेवल्यात ना?"

हेडक्लार्कांनी पडद्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चौकटीतला मजकूर वरून खाली वाचायला घेतला. 'सर्व फायली कायमच्या पुस' एवढं वाचून झालं आणि चौकट निघून गेली. पडदा काळा झाला. आत काहीतरी कुरकुर फिरायला लागलं.

"बाबा?"

"ठेवतो, ठेवतो," हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.

पाऊण तासाने कॉम्प्युटर उघडला तो दुकानातून आल्या दिवशी दिसत होता तसा. पडद्यावर हिरवी टेकडी, वर निळं आभाळ, कुठे एक फाईल नाही. इतका स्वच्छ कॉम्प्युटर हेडक्लार्कांनी पाहिला नव्हता. आणि आवाज? आवाज नव्हताच.

हेडक्लार्क खुर्चीत बसून राहिले. आतून बायको हाक मारून विचारत होती, "झालं का हो?" आणि ते "होतंय" म्हणत होते. दोनदा म्हणाले. कॉम्प्युटर वय होऊन आपोआप गेला असं सांगावं का, हाही विचार मनात येऊन गेला. त्या विचाराचीच त्यांना इतकी लाज वाटली की हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यांनी नोंदवही उघडली आणि उगाच मागची पानं चाळायला सुरुवात केली.

अनुक्रमांक एकशे अठ्ठ्याण्णव. दोन वर्षांपूर्वीची नोंद. तक्रारदार: स्वतः. विषय: "संगणकातून घरघर असा आवाज येणे." कार्यवाही: "योग्य ती कार्यवाही केली." शेरा: "निकाली."

हेडक्लार्क ते अक्षर बघत राहिले. मग टेबलाखाली शिरले, ढोपरांवर रांगत कॉम्प्युटरच्या मागे गेले आणि मोबाइलचा उजेड पाडला. स्पीकरची वायर तिच्या जागी नव्हती. ती गोल गुंडाळून, रबर लावून, भिंतीच्या खिळ्याला टांगून ठेवलेली होती. जिथे ती लावायची त्या भोकात धूळ जाऊ नये म्हणून कागद गुंडाळलेली आगकाडी मापात बसवलेली होती. इतकं नीटनेटकं काम घरात दुसरं कोण करणार?

त्यांनी काडी काढली. वायर लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

"टिंग टँग टिंग!"

असा खणखणीत आवाज आला म्हणता! आतून स्वयंपाकघरातलं भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि बायको पदराला हात पुसत धावत बाहेर आली.

"आला? आला की हो आवाज!" तिचा चेहरा असा उजळला होता की हेडक्लार्क टेबलाखालून बाहेर यायचेच थांबले. "मी आपली उगाच रेडिओकाका, रेडिओकाका करत होते. तुमचंही काही तरी जमतंच कधी कधी." खुर्ची ओढून ती बसली, सुया मांडीवर घेतल्या, केस सारखे केले. कुणी भेटायला येणार असावं तशी. "लावा आता आईचं. टोपड्याचं लावा."

हेडक्लार्क टेबलाखालूनच म्हणाले, "अगं... आवाज आहे. आई नाहीत."

तिला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं हेडक्लार्कांना आजही वाटतं. ती हिरव्या टेकडीकडे जरा वेळ बघत बसली, मग सुया उचलून आत गेली. मिनिटभराने दाराची बेल आपोआप वाजली. (सकाळी दूधवाल्याने दाबली होती ती आता उरकत होती की काय, कोण जाणे.) या वेळी बायको बघायला आली नाही.

पुढचे चार दिवस घरात भांडण झालं नाही. पानं वाढली जात होती, डबा भरला जात होता, "छत्री घेतली का" हेही विचारलं जात होतं. पण नळ ठिबकायला लागला तेव्हा ती "जरा बघता का" म्हणाली नाही. खाली बादली लावून मोकळी झाली. हेडक्लार्क कचेरीतून येऊन त्या बादलीकडे बघत बसायचे. एरवी ठिबकणारा नळ दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. आता ते मांडीखाली दाबून ठेवावेसे वाटत होते. एक वायर! खिळ्याला टांगलेली एक वायर. दोन वर्षांपूर्वी "स्पीकरची वायर काढून ठेवली" एवढे चार शब्द लिहिले असते तर? चार शब्दांचा कंटाळा केला आणि सासूबाई पुसल्या गेल्या. बरं, चूक कबूल करायला तिच्यापुढे तीनदा गेले आणि तीनही वेळा "चहा आहे का?" असं विचारून परत आले.

पाचव्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर चादरीत बांधला आणि रिक्षातून रेडिओकाकांच्या दुकानात नेला. काका म्हणजे त्या भागातले जुने रेडिओ दुरुस्त करणारे. रेडिओ गेले, टीव्ही आले, टीव्हीही भिंतीला चिकटले, पण काकांचं टेबल आणि त्यांचा भिंगाचा चष्मा जागेवर होता. काकांना कॉम्प्युटरही उमजत होता, आणि हेडक्लार्कही.

"काय केलंत?" काकांनी विचारलं.

"योग्य ती कार्य..."

"हे बघा," काकांनी चष्मा काढला. "पुसलेलं परत मिळतं, कधी सगळं, कधी थोडं. पण तुम्ही काय केलं ते मला कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. घरी जा आणि लिहून आणा. पहिल्यापासून. कुठलं बटण, मग काय दिसलं, मग कुठलं बटण. माणसासारखं लिहा, कचेरीसारखं नको."

हेडक्लार्कांनी नोंदवहीतच लिहिलं. अनुक्रमांक दोनशे तेरा, 'कार्यवाही' या बोटभर रकान्यात ते मावेना, म्हणून पुढची तीन कोरी पानं घेतली. "मला नववी पायरी माहीत नव्हती. मी अंदाजाने बटण दाबले. चौकटीतला मजकूर मी वाचला नाही. दुसऱ्या चौकटीतलाही वाचला नाही." लिहून झाल्यावर ती वही त्यांनी आधी बायकोपुढे ठेवली.

तिने तीनही पानं वाचली. सावकाश, वरून खालपर्यंत.

"ही आगकाडीची गोष्ट तुम्ही मला सांगितली नव्हती," ती म्हणाली.

"लाज वाटली."

"हं," ती म्हणाली. पाच दिवसांत तिने पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर दिलं होतं.

काकांना आठवडा लागला. एकोणीसपैकी चार फायली निघाल्या. पंधरा गेल्या त्या गेल्याच. चारांची नावंही गेली होती, नुसते आकडे होते. रेडिओकाकांनी कॉम्प्युटर स्वतः घरी आणून जोडून दिला आणि जाताना स्पीकरची वायर बोटाने दाखवून म्हणाले, "ही इथेच राहू द्या."

संध्याकाळी दोघं पडद्यापुढे बसली. लेक फोनवर होती. पहिल्या फाईलमध्ये सासूबाई नुसत्या खोकल्या आणि म्हणाल्या, "सुरू झालं का गं? मग आधी सांगायचं नाही का!" एवढंच. बायकोने डोळ्यांना पदर लावला. तीन वर्षांनी ऐकत होती आईला. दुसरी मोज्यांची निघाली. तिसरीत विणीबद्दल अवाक्षर नव्हतं, कुणाच्या तरी सुनेची चांगली दहा मिनिटं उणीदुणी होती. ती लेकीने फोनवरून दोनदा लावायला लावली.

चौथी लावली.

"टोपड्याला ब्याऐंशी टाके घाल," सासूबाई म्हणाल्या, आणि हेडक्लार्कांचा जीव भांड्यात पडला. बायकोच्या सुया चालू लागल्या, नुसत्याच, लोकर नसताना. काठ झाला, कान झाकायची पट्टी झाली, जाळी झाली. "हं, आता शेंडा. नीट ऐक हं. इथेच सगळे चुकतात. सहा पानं मिटायची, तर पहिल्या पानाचे टाके..."

आणि मध्येच एक पुरुषी आवाज आला. जवळून, उत्साहाने भरलेला.

"सासूबाई, एक मिनिट थांबा हं. माइकमध्ये जरा खरखर वाटतेय. मी बघतो."

त्यानंतर घरघर. नुसती घरघर. सात मिनिटं, पडद्यावरची रेघ सरकत होती, आणि सहा पानं कुठेतरी त्या घरघरीच्या पलीकडे मिटत होती. हेडक्लार्कांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. पंधरा फायली आपण आता पुसल्या, पण जी हवी होती ती पाच वर्षांपूर्वीच पुसून ठेवली होती. तेव्हा वहीत काय लिहिलं असेल ते बघायचीही गरज नव्हती.

अगदी शेवटी घरघर थांबली आणि सासूबाई हसताना ऐकू आल्या. "अगं जाऊ दे, नको रागावूस त्यांच्यावर. हौस आहे त्यांना. शेंड्याचं काय एवढं, मिटव कसाही. बाळाच्या डोक्यावर बसला म्हणजे झालं."

बायको रडत होती की हसत होती, सांगता येत नव्हतं. दोन्ही असावं. तिने तेवढा तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा लावला. मग हेडक्लार्कांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

हेडक्लार्कांना भरून आलं. ते म्हणाले, "ही मधली घरघर काढता येते म्हणे. इंटरनेटवर आहे. मी..."

"नाही!" बायको आणि फोनवरून लेक, दोघी एकदम ओरडल्या.

टोपडं वेळेत झालं. शेंडा बायकोने आईने सांगितल्याप्रमाणे मिटवला, म्हणजे कसाही. सहा पानांपैकी चार एकीकडे गेली, दोन दुसरीकडे, आणि कळी जी झाली ती डाव्या कानाकडे झुकली. नोंदवहीत दोनशे तेराच्या शेऱ्याची जागा हेडक्लार्कांनी कोरीच ठेवली आहे. नळ रेडिओकाकांच्या ओळखीचा प्लंबर येऊन बघून गेला. आता तो सरळ उघडतो, त्यामुळे घरातले सगळे महिनाभर भिजत होते.

बाळाला बघायला लेकीकडे गेले, तेव्हा पाळणा हलवला की करकरत होता. बायको आणि लेक दोघींनी एकदम हेडक्लार्कांकडे पाहिलं. हेडक्लार्कांनी दोन्ही हात खिशात घातले.

लेकीच्या सासूबाईंनी टोपडं कौतुकाने हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि शेंड्यापाशी त्या थांबल्या. "विहीणबाई, बाकी सगळं ओळखलं हो मी. पण ही शेंड्याची वीण कुठली? अशी कधी पाहिली नव्हती."

"आमच्या घरचीच आहे," बाळाच्या कानावरून टोपडं ओढत बायको शांतपणे म्हणाली. "'मी बघतो' म्हणतात तिला."